तृणकाळ आणि सेवणाचे माळ

जैसलमेरला जाणारा प्रवासी बहुधा पिवळ्या दगडाचा तो प्रसिद्ध किल्ला, नक्षीदार हवेल्या आणि वाळूच्या टेकड्या पाहावयास जातो. जोधपूर सोडल्यावर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांचा रस्ता त्याला केवळ एक कंटाळवाणे अंतर वाटते. मोटारीची काच वर करून तो डोळे मिटतो आणि किल्ल्याचे बुरूज दिसू लागले म्हणजे जागा होतो. वाचकहो, आज आपणांस ह्याच रस्त्यावर, किल्ला दिसण्यापूर्वीच, खाली उतरवावे असा आमचा मानस आहे. कारण ह्या वाटेवर एक गवत उगवते. ते पाहिल्यावाचून मरुभूमी पाहिली असे म्हणता येणार नाही.

दिवस भाद्रपदाचे निवडावे. तेव्हा रामदेवऱ्याची जत्रा भरते आणि हातांत रंगीबेरंगी ध्वज घेतलेल्या यात्रेकरूंचे जथे रस्त्याच्या कडेने पायी चाललेले दिसतात. पंढरीची वारी ज्याने पाहिली आहे त्याचे मन त्यांना पाहताच ओळख देते. पोखरण मागे पडले की माणसांची वर्दळ ओसरते. लाठी नावाचे गाव येते, पुढे चांदण येते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस जमीन अशी मोकळी होते की क्षितिजापर्यंत नजरेला अडसर उरत नाही. वर्षात एखाददोन चांगल्या सरी झाल्या असतील तर ह्या मोकळ्या जमिनीवर हातभर, कोठे कंबरभर उंचीचे गवत झुबक्याझुबक्यांनी उभे असते. त्याच्या तुऱ्यांवर चंदेरी लव असते आणि वारा आला म्हणजे सारा माळ एकदम उजळतो. हेच ते सेवण.

ह्या गवताची थोरवी कळण्यासाठी प्रथम येथील पावसाचा हिशेब ध्यानी घेतला पाहिजे. आपण सोलापूर जिल्ह्याला दुष्काळी म्हणतो. तेथेही वर्षाकाठी सरासरीने ५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरची सरासरी २०० मिलिमीटरांच्याही आत आहे, आणि तीही सरासरीच. एखाद्या वर्षी सारा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, तर एखाद्या वर्षी ढग नुसते डोकावून जातात. अशा भूमीत नांगर हा भरवशाचा सोबती नव्हे. म्हणून येथील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आपला संसार गाय, मेंढी, शेळी आणि उंट यांच्या पाठीवर लादला. पीक बुडाले तरी जनावर चालत जाऊन दुसरीकडे चरू शकते, हे त्याचे साधे शहाणपण होते.

ह्या शहाणपणाची साक्ष येथील भाषेत सापडते. आपल्याकडे दुष्काळ म्हटला की तो एकच. फार तर ओला आणि कोरडा असा भेद आपण करतो. राजस्थानात मात्र दुष्काळाची निरनिराळी नावे आहेत. धान्य पिकले नाही तर तो अन्नकाळ, पाणी आटले तर तो जलकाळ, आणि गवत उगवले नाही तर तो तृणकाळ. तिन्ही एकाच वर्षी ओढवले म्हणजे त्रिकाळ. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ. स. १८९९-१९०० साली, पडलेला त्रिकाळ ‘छप्पनिया’ ह्या नावाने आजही तेथे स्मरला जातो. गवताच्या अभावाला स्वतंत्र नाव देणाऱ्या समाजाने गवताला धान्य आणि पाणी यांच्या पंक्तीस बसविले होते, हे ह्यावरून उघड होते.

आता ह्या सेवणाकडे अंमळ जवळून पाहू. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘लॅसियुरस सिंडिकस’ म्हणतात. पहिल्या शब्दाचा अर्थ केसाळ शेपूट असा होतो, आणि त्याचा लवदार तुरा पाहिला म्हणजे हे नाव पटते. दुसरा शब्द सिंध प्रांताची आठवण देतो. उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानापासून सिंध-राजस्थानापर्यंतच्या वाळूत हे गवत नांदते. ते बहुवर्षायू आहे. एकदा मूळ धरले आणि नीट राखण झाली, तर एकच झुबका वीस वर्षांपर्यंत टिकू शकतो. त्याची मुळे वाळूत खोलवर उतरतात आणि ती वाळू घट्ट धरून ठेवतात. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून काडी होतो, जणू प्राण गेला असे वाटते. परंतु बुंध्यापाशी जीव राखलेला असतो, आणि पहिल्या सरीनंतर थोड्याच दिवसांत तेथून हिरवे धुमारे फुटतात. पेरणी नाही, नांगरट नाही, खत नाही. केवळ बुंधा शाबूत राहिला पाहिजे, एवढीच त्याची अट.

जनावरांना ते अत्यंत प्रिय आहे. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या सेवणात प्रथिनांचे प्रमाण चांगले असते. बाजरीच्या सरमडापेक्षा ते कितीतरी पौष्टिक होय. पिकून, वाळून, पिवळे पडल्यावर मात्र हा कस झपाट्याने घटतो. म्हणून जाणता गुराखी कापणीची वेळ चुकवीत नाही. थारपारकर जातीची ती करड्या-पांढऱ्या रंगाची, शांत डोळ्यांची गाय ह्याच गवतावर वाढली. तळपत्या उन्हात मैलोन्‌मैल चालूनही ती दूध देते, ह्याचे कौतुक सर्वत्र होते. पण त्या दुधामागे सेवण उभे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रस्त्यापासून थोडे आत एक ढाणी लागली. ढाणी म्हणजे माळावर विखुरलेली चारदोन घरांची वस्ती. एक वृद्ध गृहस्थ अंगणात गवताच्या पेंढ्या बांधीत होते. पलीकडे गेल्या वर्षीची गंजी काटेरी फांद्यांनी झाकून ठेवलेली होती. आम्हांस पाहून ते उठले. “या बाबूजी, सावलीत बसा,” म्हणून त्यांनी बाज पुढे केली आणि आतून ताकाचा गडू आणविला.

“बाबा, घरी यंदाचे हिरवे गवत असता ही जुनी गंजी कशाला राखली आहे?” असे आम्ही विचारले.

ते हसले. “बाबूजी, यंदाचे गवत यंदासाठी. ही गंजी ज्या वर्षी गवत येणार नाही त्या वर्षासाठी. ते वर्ष कोणते, हे कोणी सांगावे?”

मग बोलता बोलता १९८७ सालचा दुष्काळ निघाला. त्या वर्षी त्यांची गंजी वैशाखापर्यंतच पुरली होती. पुढे वडिलांनी गुरे घेऊन वाट धरली. ते स्वतः तेव्हा तरुण होते. “निघताना गाई मोजल्या होत्या,” ते म्हणाले, “परतल्यावर मोजल्या नाहीत.” एवढे बोलून त्यांनी पुन्हा पेंढी हाती घेतली. नातू शेजारीच बसला होता. पेंढीला आळा कसा टाकावा हे तो आजोबांच्या हाताकडे पाहून शिकत होता. त्याला ते काहीच सांगत नव्हते; तो केवळ पाहत होता.

गवत राखण्याची ही विद्या एकेका घरापुरती नव्हती. गावोगाव ‘ओरण’ आणि ‘गोचर’ अशा दोन तऱ्हेच्या राखीव जमिनी असत. गोचर म्हणजे गावच्या गुरांचे चराऊ रान. ओरण म्हणजे देवाच्या नावाने सोडलेले रान. ओरणातील झाड तोडावयाचे नाही, तेथे नांगर घालावयाचा नाही, असा दंडक. आपल्या सह्याद्रीतील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. भेद इतकाच की, आपल्या देवराईत उंच वृक्षांची दाट सावली असते, तर जैसलमेरच्या ओरणात बहुतेक गवत, बोरटीची झुडपे आणि मधूनमधून एखादी खेजडी. ही खेजडी म्हणजेच आपली शमी. तिचा पालाही शेळ्या-उंटांना चारा म्हणून चालतो. धर्मभावनेच्या कुंपणात गवताचे बी, बुंधे आणि वाळवंटातील पशुपक्षी सुरक्षित राहिले. सेवणाच्या ह्याच माळांवर राजस्थानचा राज्यपक्षी ‘गोडावण’ वावरतो. मराठी वाचक त्याला माळढोक म्हणून ओळखतात. सोलापूरजवळचे नान्नजचे अभयारण्य त्याच्यासाठीच नावाजले; तेथून तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे, आणि आज त्याची मुख्य भिस्त जैसलमेरच्या ह्या गवतावरच आहे.

परंतु हे माळ आता पूर्वीसारखे अखंड राहिलेले नाहीत. त्याची कारणे सांगताना कोणा एकास दोषी ठरविणे न्याय्य होणार नाही. १९५८ साली राजस्थान कालव्याचे काम सुरू झाले; हाच पुढे इंदिरा गांधी कालवा झाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे पाणी जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. जेथे स्त्रिया घड्याभर पाण्यासाठी कोसकोस चालत, तेथे पाणी आले, ही गोष्ट लहान नव्हे. पण पाण्यामागून शेती आली, शेतीमागून ट्रॅक्टर आला. लाकडी नांगर सेवणाच्या बुंध्याला वळसा घालून जाई. ट्रॅक्टरच्या तव्यांना वळसा घालणे ठाऊक नसते. वीस वर्षे जगणारा झुबका एका फेरीत उलथून पडतो. पुढे गवारीच्या डिंकाला भाव चढला तेव्हा कोरडवाहू माळही नांगराखाली गेले. उरलेल्या जमिनीवर गुरांचा भार वाढला. त्यांनी कोवळे धुमारे वर येताच खुडले आणि बी धरण्यास अवधीच राहिला नाही. अलीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांनाही हीच मोकळी जमीन हवी असते. कागदोपत्री पुष्कळशा ओरणांची नोंद ‘पडीक’ अशी असल्याने गावकऱ्यांना आपला हक्क सिद्ध करणे अवघड जाते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील अशा देवरायांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्यासंबंधी निर्देश दिले. जी जमीन नांगरलेली नाही ती पडीक, ही आपली समजूत किती उथळ आहे, हे सेवणाच्या माळावर उभे राहिले म्हणजे कळते.

मग गेलेले गवत परत आणता येते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आपण परत जोधपुरास येऊ. तेथे १९५२ साली वाळवंटात वने वाढविण्यासाठी एक केंद्र स्थापन झाले. १९५९ साली युनेस्कोच्या सल्ल्याने त्याचा विस्तार होऊन केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आकारास आली. ‘काजरी’ ह्या आद्याक्षरी नावानेच ती सर्वतोमुखी आहे. भारताच्या उष्ण वाळवंटी प्रदेशाचे क्षेत्र सुमारे ३ कोटी २० लाख हेक्टर असून त्यातील सुमारे साठ टक्के एकट्या पश्चिम राजस्थानात आहे. तेथील वाळू, पाणी, झाडे, गवत आणि जनावरे यांचा अभ्यास ही संस्था करीत आली आहे.

गवत पेरणे ही कल्पना प्रथम विचित्र वाटते. जे आपोआप उगवते ते पेरावयाचे कशाला? पण बी देणारे बुंधेच जेथे नाहीसे झाले, तेथे आपोआप उगवणार तरी काय? ज्यांच्याकडे कोरडवाहू जमिनीचा तुकडा आहे अशा वाचकांसाठी ह्या पेरणीची रीत थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट, जमीन आणि पाऊस पाहून गवत निवडावे. पाऊस २५० मिलिमीटरांहून कमी आणि जमीन वाळूची असेल तर सेवण. पाऊस ३०० मिलिमीटरांच्या पुढे असेल आणि मातीत थोडी पोयटा असेल तर अंजन, ज्याला मारवाडात धामण म्हणतात. हे अंजन महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शेतकऱ्यांच्याही परिचयाचे आहे.

दुसरी गोष्ट बियाण्याची. हेक्टरी पाच ते सात किलो बी पुरते. परंतु गवताचे बी म्हणजे ज्वारी-बाजरीचा दाणा नव्हे. ते लवदार, हलके, फुंकरीने उडणारे असते. नुसते फेकले तर वारा नेतो आणि उरलेले मुंग्या नेतात. म्हणून शेण, चिकणमाती व वाळू यांत ते कालवून त्याच्या लहान लहान गोळ्या करतात व सावलीत वाळवितात. गोळी वजनामुळे जागच्या जागी राहते आणि पाऊस आला की तेथेच भिजून रुजते. गोळ्या करणे शक्य नसेल तर बी ओलसर वाळूत मिसळून ओळींत टाकावे. अंजनाचे अगदी ताजे बी नीट उगवत नाही. त्याला काही महिने विश्रांती लागते. म्हणून मागील हंगामाचे बी वापरावे.

तिसरी गोष्ट पेरणीची. पावसाळ्याच्या पहिल्या चांगल्या सरीबरोबर पेरावे. दोन ओळींत सुमारे ७५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि बी एकदोन सेंटिमीटरांहून खोल जाऊ देऊ नये. कारण ह्या चिमुकल्या बियात खोलातून वर येण्याइतके बळ नसते. कोंब दिसू लागल्यावर एकदोन वेळा तण काढावे. अंजनाच्या ओळींमध्ये गोकर्णाची वेल लावण्याचेही प्रयोग झाले आहेत. आपल्या अंगणात निळी फुले देणारी तीच गोकर्ण. ती द्विदल असल्याने चाऱ्याचा कस वाढविते आणि जमिनीलाही नत्र देते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कठीण. पहिल्या वर्षी त्या तुकड्यात एकही जनावर सोडावयाचे नाही. गवत हिरवे दिसते, गोठ्यातील गाय हंबरते, शेजाऱ्याची शेळी कुंपणाशी घुटमळते, आणि तरीही सोडावयाचे नाही. पहिल्या वर्षी गवत वर कमी वाढते, खाली अधिक वाढते. त्याला मूळ धरू द्यावे, बी झडू द्यावे, आणि मग विळ्याने कापून न्यावे. तेही बुंधा दहापंधरा सेंटिमीटर राखून. दुसऱ्या वर्षापासून चराई चालेल. परंतु रानाचे तीनचार भाग पाडून एक भाग चरत असता इतरांना विश्रांती मिळेल अशी पाळी ठेवावी.

वाचकहो, येथे एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. बी, गोळी, ओळ आणि अंतर हे सर्व शास्त्र देऊ शकते. पण ही चौथी गोष्ट शास्त्राच्या हाती नाही. ज्याची जमीन स्वतःच्या मालकीची आहे तो कदाचित कुंपण घालील. गावाच्या सामाईक जमिनीला कुंपण कोण घालणार? चांगली पेरलेली कुरणे राखणीअभावी दोनचार वर्षांत उजाड होऊ शकतात. एकाने गाय सोडली की दुसऱ्याला वाटते, आपणच का मागे राहावे? आणि ज्या दुबळ्या घरात दोन शेळ्यांवरच चूल पेटते, त्या घराला ‘एक वर्ष थांब’ असे सांगणे सोपे, थांबणे अवघड. जुन्या काळी हे काम ओरणाचा देव करीत असे. आज ते गावाने एकत्र बसून, दुबळ्याच्या शेळ्यांचीही सोय पाहून, करावे लागेल.

हे घडू शकते, ह्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव अवर्षणाच्या पट्ट्यातले. १९९० च्या सुमारास तेथील तरुण सरपंच पोपटराव पवार आणि ग्रामस्थ यांनी पाणलोटाची कामे हाती घेतली. त्याबरोबरच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही स्वीकारली. जनावर डोंगरावर मोकळे सोडावयाचे नाही; गवत विळ्याने कापून घरी आणावयाचे, असा नियम ठरला. उघड्या डोंगरावर गवत परतले, गवतामागून गोठ्यात दूध आले. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी जनावरे दावणीची घरे सोडून चारा छावण्यांत उभी राहिलेली आपण पाहिली. त्या छावण्यांनी पशुधन वाचविले, ह्यात शंका नाही. पण छावणी म्हणजे सरकारने उशिरा रचलेली गंजी. ढाणीतील त्या वृद्धाची गंजी दुष्काळाच्या आधी रचलेली होती, आणि तिच्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नव्हता.

आम्ही निघालो तेव्हा सूर्य मावळतीस टेकला होता. गुरे परतत होती. त्यांच्या खुरांनी उडालेली वाळू तांबूस दिसत होती. वृद्ध गृहस्थ आणि नातू मिळून शेवटची पेंढी गंजीवर चढवीत होते. पेंढी वर बसली, तसे मुलाने खाली सांडलेल्या काड्या वेचल्या आणि मूठभर गवत नीट गोळा करून गंजीच्या फटीत खोचले. त्याला कोणी तसे करावयास सांगितले नव्हते.

पुढील खेपेस आपण जैसलमेरला जाल तेव्हा किल्ला अवश्य पाहा. परंतु लाठी-चांदणच्या पलीकडे मोटार क्षणभर थांबवा, उतरा, आणि एखाद्या सेवणाच्या बुंध्याशी वाकून पाहा. तेथे वाळू घट्ट धरून बसलेले जे मूळ आहे, त्याच्या भरवशावर त्या माळावरील माणसे पुढील पावसाची वाट पाहत असतात.